कल्पविहारला जायचा दिवस

मुलं यायच्या आधी सुशांत एका रविवारी एकटाच कल्पविहार बघून आला. म्हैसूर रस्त्यावर, शहर संपून नारळाच्या बागा सुरू होतात तिथं हे उद्यान नुकतंच उभं राहिलं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, लाटांचा तलाव होता, आकाशपाळणे होते आणि एक भुताचा वाडाही होता. तिकीटखिडकीतल्या माणसानं वाकून त्याच्या मागं कोणी आहे का ते पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "एकटेच? फॅमिली?"

"नंतर येणार आहे," सुशांत म्हणाला.

पस्तिशी ओलांडलेला एक बाप्या पोराबाळांच्या गर्दीत एकटाच हिंडतो आहे, एकाही पाळण्यात बसत नाही, नुसता रांगांकडे टक लावून उभा राहतो, हे लोकांना विचित्र वाटत होतं. पण त्याला त्याची पर्वा नव्हती. दोन हजार साल उजाडलं की संगणक घोटाळे करतील म्हणून रात्रंदिवस खपणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. घोटाळा होण्याआधीच तो हुडकून काढायचा, ही त्याची पोटापाण्याची विद्या होती. ती त्यानं इथं लावली. फाटकातून शिरलेला जो तो उजवीकडे वळतो, कारण कारंजं तिकडे आहे. डावीकडचे खेळ दुपारपर्यंत ओस असतात. लाटांच्या तलावाचा भोंगा झाला की सगळे तिकडे धावतात, तेवढ्यात मोठ्या घसरगुंडीची रांग ओसरते. नाताळच्या आठवड्यात ही गर्दी चौपट होणार. म्हणजे फाटक उघडायच्या आधी दारात उभं राहायचं, डावीकडून सुरुवात करायची आणि भोंगा झाला की घसरगुंडी गाठायची.

सगळं जमत आलं होतं. मग तो बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीसमोर आला आणि तिथं त्याचं घोडं अडलं. वेदांत सात वर्षांचा, तो बापाबरोबर पुरुषांकडे जाईल. पण शाल्मली? तिला बारावं सरत आलेलं. ती एकटी या गर्दीत आत जाणार, कपडे कुठं ठेवणार, काही लागलं तर कुणाला सांगणार? तो विचार करत तिथंच उभा राहिला. दाराशी बसलेली बाई उठली. "एनु बेकु?" काय पाहिजे, म्हणून तिनं असं दरडावलं की सुशांतचे कान तापले आणि तो मुकाट्यानं फाटकाबाहेर पडला.

आसावरीपासून तो वेगळा झाला त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. मुलं तिच्याकडे पुण्यात आणि तो बंगळुरात. नाताळच्या सुट्टीतला आठवडा मुलांनी बापाकडे राहावं, असं कोर्टात ठरलं होतं. गेल्या वर्षी ऐन वेळी वेदांतला कांजिण्या आल्या आणि तो आठवडा बुडाला. सुशांतला तेव्हापासून एकच घोर लागला होता. मुलं आपल्याला विसरतील. रविवारी तो फोन करी तेव्हा वेदांत घडाघडा बोलायचा. शाल्मली मात्र "हो," "नाही," "बरं" एवढंच बोलून फोन भावाकडे देई. पूर्वी ती त्याला "अरे बाबा" म्हणून हाक मारायची. आता "तुम्ही" म्हणू लागली होती. वेदांतच्या वर्गातला कुणी मुंबईचं तसलं उद्यान पाहून आला होता. "बाबा, तुझ्याकडे आहे का तसं?" त्यानं विचारलं आणि सुशांत क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "आहे तर! त्याहून मोठं आहे."

शाल्मलीच्या सोबतीचा प्रश्न घेऊन तो वसुमतीअक्कांकडे गेला. चामराजपेटेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला त्यानं भाड्यानं घेतला होता. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं, असं अक्कांचे यजमान बिंदुमाधवअण्णा छाती काढून सांगत. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की कुठलं काय ते वेगळं काढता येऊ नये.

"मी? आणि त्या पाण्याच्या खेळात? अय्यो!" अक्कांनी तांदूळ निवडता निवडता कपाळाला हात लावला. "आणि डिसेंबरच्या थंडीत मुलांना पाण्यात घालतोस? मती आहे का तुला?"

"दुपारी ऊन असतं अक्का. तुम्ही पाण्यात यायचं नाही. शाल्मलीबरोबर फक्त आत जायचं, बाहेर यायचं. ती एकटी..."

अक्कांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि या भाडेकरूच्या घरी कधी पोरांचा आवाज आला नव्हता. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "येते. टॉवेल सांभाळत बसते."

उद्यानात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचाच पोशाख लागतो, हेही त्यानं हेरून ठेवलं होतं. त्यासाठी तो चिकपेटेत गेला. गल्लीत माणसाला माणूस खेटत होतं. दुकानदारानं मुलीचं माप विचारलं तसं सुशांतनं हात आपल्या बरगडीपाशी धरला. "एवढी आहे." दुकानदारानं निळा पोशाख काढून दिला.

पुण्याला मुलांना आणायला तो गेला तेव्हा स्टेशनवर त्याला कळलं की हात कितीतरी वर धरायला हवा होता. शाल्मली त्याच्या खांद्याला लागली होती. आसावरी तिच्या शेजारी उभी होती, पर्स घट्ट धरून. वेदांतला रात्री दूध लागतं, त्याचं खोकल्याचं औषध बाहेरच्या कप्प्यात आहे, असं ती सांगत होती आणि सुशांत गाडी यायच्या दिशेला बघत मान हलवत होता. मग ती जरा जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आणि शाल्मलीचं एक सांगायचं होतं. ती आता..."

"मला कळतं," सुशांत म्हणाला. "माझीही मुलगी आहे ती. प्रत्येक गोष्ट तुझ्याकडून शिकायची गरज नाही."

आसावरीनं ओठ मिटले. गाडी आली, हमालांची धावपळ झाली आणि ती गोष्ट तिथंच राहिली.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस बरे गेले, निदान वेदांतपुरते. सुशांतनं गच्चीवर खडूनं कल्पविहारचा नकाशा काढला आणि बापलेकांनी रंगीत तालीम केली. पाण्याची टाकी म्हणजे मोठी घसरगुंडी. सुशांत तोंडानं भोंगा वाजवी आणि वेदांत गच्ची दणाणून सोडत टाकीकडे धावे. खालून अण्णा ओरडले, "अरे, छप्पर माझं आहे!" शाल्मली जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. "ये ना शालू," म्हटलं की म्हणे, "तुम्ही खेळा." जायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला निळा पोशाख दिला. ती तो घेऊन आत गेली आणि लगेच परत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"हा होत नाही मला."

"बदलून आणू. चल, दोघं जाऊ."

"नको. मी उद्या आलेच नाही तर चालेल का?"

"वेडी आहेस का? तुमच्यासाठीच तर एवढं सगळं चाललंय!"

तो तिला चिकपेटेत घेऊन गेला. सणासुदीची गर्दी, त्यात दुकानदार तोंडाळ. तो पोशाख हवेत फडकवून, तिच्या अंगाशी धरून, आतल्या माणसाला मोठमोठ्यानं मापं विचारू लागला. शाल्मली खाली बघून उभी होती. रिक्षात ती दाराच्या बाजूला सरकून बसली आणि घरापर्यंत एक अवाक्षर बोलली नाही. सुशांतला वाटलं, दमली असेल. उद्या पाणी पाहिलं की खुलेल.

सकाळी अण्णांनी ठरवून दिलेली मारुती व्हॅन अंधुक उजेडातच दारात येऊन थांबली. वेदांतनं कपड्यांच्या आत पोहायचा पोशाख केव्हाच चढवला होता आणि तो जिन्यावरून खालीवर करत होता. सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं. फक्त शाल्मली न्हाणीघरातून बाहेर येत नव्हती.

"शालू, आटप. उशीर होतोय."

"माझं पोट दुखतंय."

"थोडं कोमट पाणी पी. बरं वाटेल."

"मी येत नाही. तुम्ही जा."

सुशांतनं घड्याळ पाहिलं. आता निघालं नाही तर फाटकावर रांग लागणार. रांग लागली की डावी बाजूही भरणार. आठवड्यात एवढा एकच दिवस त्यानं कितीतरी दिवसांपासून मनात जपला होता, आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत हातातून निसटत होता. त्यानं दार ठोठावलं.

"काल येणार नाही म्हणालीस, आज पोट दुखतंय. मला काय कळत नाही का?"

आतून नळाचा आवाज तेवढा येत होता.

"आईनं पढवून पाठवलंय ना तुला?" त्याचा आवाज चढला. "पोट दुखतं म्हण, डोकं दुखतं म्हण, काहीही कर, पण बाबाचा आठवडा नासव! तिला दुसरं येतंय काय? स्वतः कधी सुखानं राहिली नाही, मला राहू दिलं नाही, आता तुम्हालाही तसंच करून ठेवणार!"

नळ बंद झाला.

"आईबद्दल असं बोलू नका," आतून आवाज आला. तो इतका बारीक होता की सुशांतला आधी तो ओळखूच आला नाही.

वेदांत जिन्यात थिजल्यासारखा उभा होता. तो एकदम पुढं झाला आणि त्यानं दारावर लाथ घातली. "ताई, तू नेहमी असंच करतेस!" आणि तो मोठ्यानं रडू लागला.

या सगळ्या गलक्यात वसुमतीअक्का वर आल्या. लोकांत जायचं म्हणून त्यांनी चांगलं रेशमी लुगडं नेसलं होतं, हातात टॉवेलांची पिशवी होती. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, सुशांतकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"सुशांत, तू मुलाला घेऊन खाली जा."

"अक्का, ती उगाच..."

"खाली जा म्हणते ना! दारातून हल स्वल्प."

तो खाली गेला. वेदांत जाऊन व्हॅनमध्ये बसला आणि त्यानं दार आतून ओढून घेतलं. अण्णा पेपरातून डोकं वर काढून काही विचारणार होते, पण भाडेकरूचा चेहरा पाहून पुन्हा पेपर वाचू लागले. बऱ्याच वेळानं अक्का जिना उतरल्या.

"पोट खरंच दुखत होतं रे तिचं," त्या म्हणाल्या. "पोरगी मोठी झाली आज."

सुशांतला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा की म्हणजे आता कल्पविहार नाही. त्या विचाराची त्याला शरम वाटली.

"घाबरली होती का?"

"आईनं सगळं समजावलंय तिला. लागणारं सगळं बॅगेत घालूनही दिलंय. पण बॅग बाहेर, खाटेखाली. आणि दारात तू. ओरडत." अक्कांनी शब्द वाढवले नाहीत. "बाहेर कशी येणार रे ती? पहाटेपासून आत बसून होती. पाय गार पडले होते मगुचे, लेकराचे."

स्टेशनावर आसावरी जवळ आली होती, आवाज उतरवून जे सांगणार होती, ते सुशांतला आता शब्दन्‌शब्द उमगलं.

"तिला आईशी बोलायचंय," अक्का म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या बूथमध्ये नको. आमच्या फोनला कुलूप आहे, ते अण्णा काढतील."

अण्णा एव्हाना किल्ली शोधायला उठलेही होते. पुण्याचा नंबर सुशांतनंच फिरवला. आसावरीनं फोन उचलला आणि त्याचा आवाज ऐकताच म्हणाली, "काय झालं? वेदांत पडला का?"

"नाही. शाल्मली... तिला आज..." कामावर पानंच्या पानं अहवाल देणारा माणूस, पण हे एवढं त्याला पुरं सांगता येईना. "अक्का आहेत तिच्याजवळ. ती बरी आहे."

तिकडे आसावरीचा आवाज भरून आला. "हेच सांगत होते रे मी. मला वाटतच होतं. आणि मी नाही तिथं."

"मी सकाळी तिला फार बोललो. तुझ्याबद्दलही."

"तिला फोन दे," आसावरी म्हणाली.

शाल्मली खाली आली, बापाकडे न बघता त्याच्या हातून रिसीव्हर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. मध्येच तिचे खांदे हलू लागले. सुशांत ओसरीवर जाऊन उभा राहिला. आत अक्कांनी खलबत्त्यात तीळ-गूळ कुटायला घेतला होता. मुलगी मोठी झाली की चिगळीचे लाडू द्यायचे, ही त्यांच्याकडची रीत. आरतीही करायची होती त्यांना, पण शाल्मली "नको ना अक्का, प्लीज," म्हणाली तशा त्या म्हणाल्या, "सरी, नको तर नको. लाडू तरी खा."

सुशांतनं व्हॅन परत पाठवायचं ठरवलं. पण वेदांत उतरेना. सीटला दोन्ही हातांनी धरून बसला होता. तेवढ्यात शाल्मली दारात आली.

"त्याला घेऊन जा," ती म्हणाली. "त्याला तुम्ही कबूल केलंय."

"तुला सोडून नाही जाणार मी."

"मला तुम्ही इथं नको आहात."

ती रागानंही म्हणाली नाही, साधं सांगितलं, आणि आत निघून गेली. अक्कांनी डोळ्यांनीच 'जा' अशी खूण केली.

कल्पविहारला पोचेपर्यंत दिवस चांगलाच वर आला होता. फाटकाबाहेर बसगाड्याच बसगाड्या. आत तर पाय ठेवायला जागा नव्हती. डावी बाजू, उजवी बाजू, भोंगा, रांग, त्याची सगळी आखणी त्या माणसांच्या लोंढ्यात वाहून गेली. मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत दोघं उन्हात उभे होते. पुढं कोणाचंतरी तान्हं केकाटत होतं.

"बाबा," वेदांतनं विचारलं, "आई वाईट आहे?"

"नाही रे."

"तू म्हणालास सकाळी."

"चिडलो होतो. जे म्हणालो ते खोटं होतं."

वेदांतनं थोडा विचार केला. "मग ताईला सांग तसं. तिला खरं वाटलं असेल."

घसरगुंडीच्या पायथ्याशी उंचीची खूण होती. वेदांत टाचा उंचावून उभा राहिला, पण माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून मान हलवली. पोरगं आता भोकाड पसरणार अशी सुशांतला धास्ती पडली. तसं झालं नाही. तो सरळ लाटांच्या तलावाकडे चालू लागला आणि भोंगा होताच पाण्यात असा घुसला की बापाला त्याच्या मागं धावावं लागलं. सुशांत कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून त्याच्यावर नजर ठेवत होता. चारी बाजूंनी लोक किंचाळत होते, हसत होते, एकमेकांवर कोसळत होते. लाट आली की वेदांत दिसेनासा होई आणि सुशांत एक पाऊल पुढं टाकी. मग ते ओलं डोकं पुन्हा वर येई आणि तो हात उंच करून हाक मारी, "बाबा, परत! परत!"

परतताना तो व्हॅनमध्ये बापाच्या मांडीवर झोपून गेला.

संध्याकाळी शाल्मली गच्चीवर होती. खडूच्या रेघा पायांखाली पुसट झाल्या होत्या. सुशांत तिच्यापासून थोडा दूर, कठड्याला टेकून उभा राहिला.

"सकाळी मी जे बोललो ते चुकीचं होतं. तुझ्या आईनं तुला काही पढवलेलं नाही. उलट मला सांगायला आली होती, मीच ऐकून घेतलं नाही."

शाल्मली खाली रस्त्याकडे बघत राहिली.

"तुम्ही आधीपण असंच बोलायचात आईला," ती म्हणाली. "आम्ही झोपलोय असं तुम्हाला वाटायचं तेव्हा. मी जागी असायचे. वेदांत लहान होता, त्याला आठवत नाही. मला सगळं आठवतं."

मग ती पुढं बोलली.

"आणि मला पाण्यात जायला कधीच आवडत नाही. तुम्ही विचारलंच नाहीत. फोनवर वेदांतला विचारलंत. मला नुसतं सांगितलंत."

"कुठं जायचं होतं तुला?"

"कुठंच नाही. आता मला घरी जायचंय. आईकडे."

आठवड्याचे चार दिवस अजून बाकी होते. कोर्टाचा कागद सुशांतच्या बाजूनं होता, हे त्याला ठाऊक होतं आणि आसावरीलाही. तो खाली गेला, अण्णांकडून फोनची किल्ली मागून घेतली आणि पुण्याला फोन लावला. सुट्टीत गाडीची तिकिटं मिळणं अशक्य होतं. "तू बसनं ये," तो आसावरीला म्हणाला. "अक्कांकडे उतर. दोघांना घेऊन जा." आसावरीला आधी त्यात काही डाव दिसत असावा. मग म्हणाली, "आज रात्रीची मिळते का बघते."

ती आली. अक्कांच्या खोलीत शाल्मली तिच्या कुशीत शिरून पडली होती आणि दार लोटलेलं होतं. सुशांत त्या दिवशी कामावर गेला. रजा घेतलेली असूनही गेला. घरात त्याच्यानं बसवेना.

निघायच्या दिवशी तो त्यांना बसपर्यंत पोचवायला गेला. वेदांत खिडकीजवळची जागा धरायला आत पळाला. त्याला राग आला होता की आठवडा अर्ध्यातच संपला, आणि तो राग त्यानं ताईवर काढला होता, आईवर काढला होता. बापाला मात्र त्यानं मिठी मारली. आसावरीनं "येते" म्हटलं आणि सामान ठेवून घ्यायला गेली. शाल्मली पायरीवर चढून थांबली. चिगळीच्या लाडवांचा डबा तिनं पोटाशी धरला होता.

"पुढच्या वर्षी यायचं की नाही ते मी ठरवणार," ती म्हणाली. "मला विचारायचं आधी. वेदांतला नाही."

"विचारेन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सुशांतच्या मनात कितीतरी उत्तरं आली. ती सगळी त्यानं गिळली.

"तर नाही," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, खरं बोलतोय का ते पारखत असल्यासारखं. मागून कुणीतरी चढायची घाई करत होतं. "बघू," एवढंच म्हणून ती आत गेली. बस हलली तेव्हा खिडकीतून वेदांतचा हात हलत होता. तिच्या बाजूचा पडदा ओढलेला होता. बस वळून दिसेनाशी झाल्यावर सुशांत घराकडे चालू लागला. रिक्षावाले हाका मारत होते, पण तो चालतच राहिला.